सहा कोटी टन क्रिल कुणी मोजलं? ध्रुवीय समुद्रातले आकडे कसे तयार होतात

2025 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला अंटार्क्टिकाकडून एक बातमी आली. क्रिलची मासेमारी, हंगाम संपायला चार महिने बाकी असताना, बंद करावी लागली. ठरलेली 6 लाख 20 हजार टनांची मर्यादा भरली होती, आणि ती भरण्याची ही पहिलीच वेळ. ही मर्यादा कशाच्या जोरावर ठरली याचा विषय निघाला की आणखी एक आकडा पुढे येतो: त्या भागातल्या समुद्रात क्रिल सुमारे 6 कोटी टन आहे.

हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या जेटीवर हा आकडा सांगितला तर पहिला प्रश्न येईल, "कुणी मोजलं?" प्रश्न अगदी रास्त आहे. आयुष्य दर्यावर काढलेला तांडेलसुद्धा समोरच्या पाण्यात यंदा तारली किती आहे हे छातीठोकपणे सांगत नाही. मग वर्षातले कित्येक महिने बर्फाने झाकलेल्या समुद्रात, बोटाएवढ्या जिवांचं वजन कुणी कोटींमध्ये कसं सांगतं?

उत्तर संख्याशास्त्रात आहे. ते समजून घ्यायला गणिताची भीती बाळगायचं कारण नाही. शिवाय हीच पद्धत आपल्या बांगड्या-तारलीच्या आकड्यांमागेही आहे, त्यामुळे हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

आधी क्रिलची ओळख. हा कोळंबीसारखा दिसणारा जीव, जास्तीत जास्त सहा सेंटीमीटर लांब आणि दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचा. जवळ्याची थोराड बहीण वाटावी असा, पण प्राणिशास्त्रात दोघांचे गण वेगळे. पेंग्विन, सील आणि देवमासे यांच्या पोटात जाणाऱ्या अन्नाचा मोठा भाग हाच. माणूस तो पकडतो ओमेगा-3 च्या गोळ्यांसाठी आणि मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी.

सगळं मोजत नाहीत, मग आकडा येतो कुठून?

2000 सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत जपान, रशिया, ब्रिटन आणि अमेरिका यांची चार जहाजं अटलांटिकच्या दक्षिण टोकाला एकत्र कामाला लागली. क्षेत्र होतं सुमारे 20 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसहा महाराष्ट्र मावतील एवढं. जहाजांनी तो सगळा समुद्र पालथा घातला नाही. नकाशावर आधीच आखलेल्या रेषांवरून ती सरळ गेली आणि रेषेखालच्या पाण्याची नोंद घेत राहिली. बाकीच्या समुद्राचा अंदाज त्या रेषांवरून केला.

यात "आधीच आखलेल्या" हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. मासेमारीला निघालेला माणूस मासळी असेल तिथे जातो. मोजणीला निघालेल्या जहाजाला तसं करून चालत नाही. उजवीकडे क्रिलचा मोठा थवा दिसतोय म्हणून रेषा सोडून तिकडे वळलात, तर हिशेबात भरलेल्या जागाच जास्त येतील आणि साऱ्या समुद्राचा आकडा फुगेल. रिकाम्या पाण्यावरूनही तितक्याच निष्ठेने जावं लागतं. रिकामं पाणी हीसुद्धा माहितीच आहे.

आपल्याकडे किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीचे वार्षिक आकडे कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था काढते, तेही याच तत्त्वावर. प्रत्येक बंदरावर रोज माणूस उभा करणं शक्य नाही. म्हणून किनाऱ्याचे विभाग पाडतात, त्यातून मासळी उतरण्याची केंद्रं आणि दिवस चिठ्ठी टाकल्यासारखे निवडतात, त्या दिवशी लागलेल्या नौकांपैकी काही निवडतात आणि त्यांच्या मासळीची प्रकारवार नोंद घेतात. नोंदणारा फक्त लिलाव जोरात असलेल्या दिवशीच आला असता, तर त्याच्या वहीतलं कोकण खऱ्या कोकणापेक्षा कितीतरी श्रीमंत दिसलं असतं. निवड माणसाच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठीवर सोडायची, या एका नियमावर सगळी इमारत उभी आहे.

एक फरक मात्र इथेच लक्षात घेऊ. बंदरावरचा आकडा सांगतो किती मासळी बाहेर आली. जहाजांच्या रेषांवरचा आकडा सांगतो पाण्यात किती आहे. या दोन्हींची गल्लत रोजच्या बोलण्यात सर्रास होते आणि पुढचे निम्मे वाद त्यातूनच निघतात.

डोळ्यांतून सुटलेलं कसं मोजायचं?

रेषेवरून गेलो तरी रेषेच्या आजूबाजूचं सगळं दिसतं असं नाही. देवमाशांच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच अवघड, कारण तो श्वासापुरता वर येतो आणि पुन्हा बुडतो. इथे संख्याशास्त्राने काढलेली युक्ती मला फार देखणी वाटते.

पावसाच्या तोंडावर, अंधाऱ्या रात्री, गावाबाहेरच्या पाखाडीवरून सरळ चालत काजवे मोजायचे आहेत असं समजा. पायाजवळच्या गडग्यावरचा काजवा सहसा सुटत नाही. दहा पावलांवरचे काही सुटतात, तीस पावलांवरचे बहुतेक सुटतात. आता नुसते काजवे न मोजता प्रत्येक काजवा पाखाडीपासून किती लांब होता तेही लिहून ठेवा. काजव्यांना तुमच्या पाखाडीशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे खरं तर जवळच्या पट्ट्यात आणि लांबच्या पट्ट्यात ते सारखेच असायला हवेत. वहीत मात्र लांबचे कमी भरतील. ही जी घट आहे ती काजव्यांची नसून तुमच्या नजरेची. आणि घट किती हे वहीतच लिहिलेलं असल्यामुळे, किती काजवे सुटले हेही त्याच वहीतून काढता येतं.

संशोधन जहाजावर नेमकं हेच चालतं. उंचावर निरीक्षक दुर्बीण घेऊन बसतो. फवारा दिसला की जहाजाच्या दिशेशी त्याचा कोन किती आणि अंतर किती, हे लगेच नोंदवलं जातं. शेकडो नोंदी जमल्या की अंतराबरोबर दिसणं कसं कमी होत जातं याचा आलेख निघतो, आणि त्यावरून न दिसलेल्यांची भर घालता येते.

पण या हिशेबात एक गृहीत दडलेलं आहे: अगदी रेषेवरचा प्राणी सुटत नाही. काजव्याबाबत ते खरं, मिंक या लहान जातीच्या देवमाशाबाबत नाही. जहाज अगदी डोक्यावरून जात असतानाही तो पाण्याखाली असू शकतो. म्हणून जहाजावर दोन जागी दोन निरीक्षक बसवतात आणि त्यांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. समजा पहिल्याला 40 देवमासे दिसले, दुसऱ्याला 30, आणि त्यातले 24 दोघांनाही दिसले. याचा अर्थ, दुसऱ्याने पाहिलेल्या 30 पैकी 24 पहिल्याच्याही नजरेत आले. पहिल्याची नजर दहातले आठ पकडते. तर मग त्याचे 40 हे एकूणाच्या दहातले आठ धरायचे, आणि एकूण झाले 50. दोघांनी मिळून प्रत्यक्ष पाहिले 46, आणि जे चार कुणालाच दिसले नाहीत त्यांचाही हिशेब लागला.

पेंग्विनांचं काम त्या मानाने सुटसुटीत. एम्परर पेंग्विन बर्फावर वसाहत करतात आणि त्यांच्या विष्ठेचा तपकिरी डाग उपग्रहाच्या चित्रात उठून दिसतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत अशा 46 वसाहती आणि सुमारे 5 लाख 95 हजार पक्षी निघाले. चित्रातला एक ठिपका म्हणजे पेंग्विन, सावली की घाण, हे ठरवायला जमिनीवरच्या किंवा विमानातून केलेल्या मोजणीशी ताळा जुळवावाच लागतो.

आकड्याच्या दोन बाजूंची पट्टी

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. अंदाज एका आकड्यात सांगितला की तो अर्धाच सांगितला. त्याच समुद्रात रेषा थोड्या सरकवून आखल्या असत्या, तर आकडा थोडा वेगळा आला असता. किती वेगळा येऊ शकला असता हेही संख्याशास्त्र सांगतं, आणि आकड्याच्या दोन्ही बाजूंना एक मर्यादा देतं. त्याला विश्वास्यता अंतराल म्हणतात; आपण नुसतं पट्टी म्हणू. 95 टक्क्यांची पट्टी म्हणजे, हीच पद्धत पुन्हा पुन्हा वापरली तर शंभरातल्या सुमारे 95 वेळा खरा आकडा त्या त्या वेळच्या पट्टीत सापडेल.

ही पट्टी वाचली नाही तर काय घोटाळा होतो त्याचं उदाहरण मिंक देवमाशांचं. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाच्या छत्राखाली अंटार्क्टिकाभोवती पूर्ण फेरी घालणारी सर्वेक्षणं झाली. 1985 ते 1991 च्या फेरीतला अंदाज 7 लाख 20 हजार. 1992 ते 2004 च्या फेरीतला 5 लाख 15 हजार. मथळा तयार: दोन लाख देवमासे नाहीसे!

पट्ट्या बघा. पहिल्या अंदाजाची पट्टी 5 लाख 12 हजार ते 10 लाख 12 हजार. दुसऱ्याची 3 लाख 61 हजार ते 7 लाख 33 हजार. दोन्ही एकमेकांवर बऱ्याच आलेल्या आहेत. देवमासे घटलेच नाहीत असा याचा अर्थ कुणी काढू नये. घटले की नाही याचा निकाल एवढ्या माहितीवरून देता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय जहाजं बर्फाच्या कडेपर्यंतच जाऊ शकतात आणि मिंक देवमासे बर्फाच्या आतल्या मोकळ्या पाण्यातही राहतात. बर्फाची कड एका फेरीत पुढे आणि दुसरीत मागे असेल, तर जहाजाच्या वाट्याला येणारे देवमासेही बदलतात. एकूण तितकेच असले तरीही.

बातमीत आकडा दिसला की मी आधी पट्टी शोधतो. ती दिलेली नसेल, तर त्या आकड्यावर मत बनवायची घाई करत नाही.

नऊ जाळी रिकामी, दहावं ओसंडून

क्रिल समुद्रात सारखं पसरलेलं नसतं. थव्याने राहतं, आणि दाट थव्यात एका घनमीटर पाण्यात दहा हजारांहून जास्त जीव असू शकतात. थव्याबाहेर मैलोन् मैल काहीच नाही. तारलीच्या थव्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

पण संख्याशास्त्राची खरी अडचण इथेच होते. समजा दहा ठिकाणी जाळं टाकलं. नऊ ठिकाणी शून्य आणि दहाव्या ठिकाणी 5,000. सरासरी निघते 500. एकाही जाळ्यात 500 च्या आसपास क्रिल नव्हतं! आणि ते दहावं जाळं थव्याला हुकलं असतं तर सरासरी शून्य आली असती. म्हणजे सगळा निकाल एका जाळ्यावर टांगलेला.

म्हणून असे आकडे हाताळताना प्रश्नाचे दोन भाग करतात. पहिला, या जागी क्रिल सापडण्याची शक्यता किती? दुसरा, सापडलंच तर किती? पहिल्याचं उत्तर बर्फ, पाण्याची खोली, तापमान यांच्याशी जोडता येतं. दुसऱ्याचं वेगळं काढायचं आणि मग दोन्ही एकत्र करायचे. शिवाय जवळजवळच्या दोन जाळ्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही. एकाच थव्यात पडलेली दहा जाळी ही दहा पुरावे नव्हेत. हे विसरलं की पट्टी खोटी अरुंद होते आणि नसलेला आत्मविश्वास येतो. माझ्या मते या विषयातल्या चुकांमध्ये सर्वात घातक चूक हीच, कारण ती करणाऱ्याला ती दिसत नाही.

हे सगळं कागदी बारकावे आहेत असं वाटत असेल, तर क्रिलवरचाच एक खरा वाद पाहा. क्रिलच्या जाळ्यांच्या 1926 पासूनच्या नोंदी एकत्र करून संशोधकांनी एक मोठा साठा तयार केला आहे. त्याच्या आधीच्या रूपावर आधारलेला अँगस अ‍ॅटकिन्सन आणि सहकाऱ्यांचा लेख 2004 मध्ये आला. 1970 च्या दशकापासून अटलांटिकच्या त्या भागात क्रिल बरंच घटलं, असा त्याचा निष्कर्ष. 2018 मध्ये दुसऱ्या गटाने याच साठ्यावर वेगळी पद्धत लावली आणि दीर्घकाळ घट झाल्याचा पुरावा दिसत नाही असं म्हटलं. 2019 मध्ये पहिल्या बाजूच्या संशोधकांनी उत्तर दिलं. वादाचे मुद्दे ऐका: कोणती जाळी धरायची आणि कोणती वगळायची? वेगवेगळ्या आकाराची जाळी, वेगवेगळी खोली, वेगवेगळे महिने यांची बरोबरी कशी करायची? काही वर्षी भरपूर नोंदी आणि काही वर्षी नगण्य, याची भरपाई कशी करायची? समुद्र तोच, नोंदी जवळपास त्याच, आणि निकाल पद्धतीच्या निवडीवर. आपापली निवड दोन्ही बाजूंनी छापून समोर ठेवली आहे, म्हणून बाहेरच्या माणसालाही ती तपासता येते.

"आकडे बदलत राहतात, म्हणजे यांनाच काही माहीत नाही"

हा आक्षेप नेहमी येतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

वर सांगितलेल्या 2000 च्या मोहिमेत क्रिलचं वजन मुख्यतः आवाजावरून काढलं. आपल्या नौकांवर फिशफाइंडर असतो, त्याच जातीचं पण कितीतरी नेमकं यंत्र. ते पाण्यात आवाजाचा ठोका सोडतं. थव्याला आपटून प्रतिध्वनी परत येतो. पडद्यावर जहाजाखालच्या पाण्याचा उभा छेद सरकत जातो. वर लाटांची जाड रेघ, आणि मध्ये कुठेतरी थव्याचा दाट डाग. एकापेक्षा जास्त कंपनसंख्यांवर आवाज सोडतात, कारण क्रिल आणि मासे त्यांना वेगवेगळा प्रतिसाद देतात. त्या फरकावरून डाग क्रिलचा की आणखी कशाचा हे ओळखतात.

मग प्रश्न उरतो: एवढा प्रतिध्वनी म्हणजे किती टन? त्यासाठी एक क्रिल किती आवाज परत पाठवतं हे ठाऊक हवं. ते त्याच्या लांबीवर, शरीराच्या आकारावर आणि पोहताना ते किती तिरकं असतं यावर ठरतं. आडव्या क्रिलचा प्रतिध्वनी मोठा, तिरक्याचा लहान.

2000 च्या मोहिमेतून सुरुवातीला आकडा निघाला 4 कोटी 43 लाख टन. त्याच्यासोबत दिलेल्या अनिश्चिततेवरून पट्टी काढली तर ती ढोबळमानाने साडेतीन ते साडेपाच कोटींची येते. पुढच्या दहा वर्षांत प्रतिध्वनीचं गणित सुधारलं आणि त्याच नोंदी पुन्हा तपासल्यावर आकडा आला 6 कोटी 3 लाख टन. नवा आकडा जुन्या पट्टीच्याही बाहेर!

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, पट्टी फक्त नमुन्यातली चढउतार पकडते. मोजपट्टीच एका बाजूला चुकलेली असेल तर पट्टीला ते कळत नाही. शंभर जहाजं आणखी पाठवली असती तरी ती चूक गेली नसती, उलट चुकीच्या आकड्याभोवतीची पट्टी आणखी अरुंद झाली असती. दुसरी, कच्च्या नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच दुरुस्ती करता आली. जुना आकडाच पवित्र मानला असता, तर चूक आजही तशीच असती. 2019 मध्ये त्याच भागात पुन्हा मोठी मोहीम झाली आणि अंदाज आला 6 कोटी 26 लाख टन. आकडे जवळजवळ आले म्हणून मधल्या 19 वर्षांत क्रिल स्थिर होतं असं मात्र म्हणता येत नाही. दोन दिवशी भरती सारखीच दिसली, म्हणून मधल्या काळात पाणी हललंच नाही असं कुणी म्हणत नाही.

"जाळी भरून येतायत, मग मासळी कमी कशी?"

हा प्रश्न अंटार्क्टिकातही विचारला जातो आणि कोकणातही. याचं उत्तर कष्टकरी माणसाला खोटं पाडण्यासाठी द्यायचं नाही. त्याचं जाळं खरंच भरलेलं असतं.

क्रिल पकडणारी जहाजं प्रतिध्वनी बघत थव्यावर जातात. समुद्रातले शंभर थवे घटून चाळीस झाले, तरी उरलेल्या चाळिसांपैकी एक शोधून काढला की जाळं पूर्वीसारखंच भरतं. शोधायला वेळ थोडा जास्त लागतो, पण यंत्रं सुधारत गेल्यामुळे तोही लपतो. पर्ससीनने तारलीचा किंवा बांगड्याचा थवा वेढताना हेच घडतं. थवा सापडला तर जाळं भरलेलं, आणि त्यावरून समुद्रात एकूण थवे किती हे कळत नाही.

याउलट रायगडपासून उत्तरेला लावली जाणारी डोल बघा. ती मासळीच्या मागे धावत नाही. एका जागी बांधलेली असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर जे येईल ते घेते. जवळा, बोंबील असं जे काही त्या पाण्यातून जातं त्याचा थोडाफार नमुना तिच्यात उतरतो. म्हणून पाण्यात काय बदलतंय याबद्दल वर्षानुवर्षं एकाच जागी लागणारी डोल, पाठलाग करणाऱ्या नौकेपेक्षा जास्त सांगू शकते. अट एकच: जाळ्याची आस (म्हणजे छिद्राचा आकार), जागा आणि किती वेळ लावली याची नोंद हवी. आणि रिकाम्या दिवसांचीही हवी. भरलेल्या जाळ्यांच्या आठवणी आपोआप राहतात, रिकामी विसरली जातात.

"नक्की माहीत नाही, तर मर्यादा कशाला?"

दोन्ही टोकांची माणसं हा आक्षेप आपापल्या सोयीने घेतात. एक म्हणतो, घट सिद्ध झाली नाही, पकडू द्या. दुसरा म्हणतो, आकडा पक्का नाही, सगळं बंद करा.

अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या जिवांबद्दलचे निर्णय 1982 पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग घेतो. त्याचं कार्यालय ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. त्याने क्रिलसाठी अनिश्चितता धरूनच नियम बसवला. संगणकावर पुढच्या 20 वर्षांचा समुद्र पुन्हा पुन्हा चालवून बघतात. कधी पिल्लांची पैदास चांगली, कधी वाईट, कधी सुरुवातीचा अंदाज थोडा जास्त, कधी कमी. मग दोन अटी तपासतात. अंडी देणाऱ्या क्रिलचा साठा, मासेमारी नसताना जेवढा असता त्याच्या 20 टक्क्यांखाली जाण्याची शक्यता 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको. आणि 20 वर्षांनंतर तो साठा मध्यम अंदाजाने मूळच्या 75 टक्के तरी उरायला हवा. दोन्ही अटींमधून जी मर्यादा लहान येईल ती घ्यायची.

75 च का? फक्त क्रिलचाच विचार केला असता तर 50 टक्के चालले असते. सगळंच पेंग्विन-देवमाशांसाठी राखायचं म्हटलं तर 100. मधला आकडा धरला. तो संख्याशास्त्रातून निघालेला नाही, माणसांनी एकत्र बसून ठरवलेला आहे, आणि ते उघड सांगितलेलं आहे हे मला मोलाचं वाटतं. किती धोका पत्करायचा हे गणित ठरवत नाही. धोका किती आहे तेवढं ते दाखवतं.

या नियमातून 6 कोटी 3 लाख टनांच्या 9.3 टक्के, म्हणजे 56 लाख 10 हजार टन अशी मर्यादा निघाली. प्रत्यक्षात मात्र त्याआधीच 6 लाख 20 हजार टनांवर थांबावं लागतं. एवढी मोठी पकड कोणत्या भागात किती वाटायची यावर एकमत होत नाही तोवर पुढे जायचं नाही, असं ठरलेलं आहे. 2025 मध्ये भरली ती हीच मर्यादा.

आपला या समुद्राशी संबंध

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्यातूनच निघाली. तिचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम हे समुद्रजीवशास्त्रज्ञ होते आणि दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले. देशाच्या ध्रुवीय संशोधनाचा कारभार आजही वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. 1995-96 मध्ये सागर संपदा हे आपलं जहाज खास क्रिलच्या अभ्यासासाठी दक्षिण महासागरात गेलं होतं. कोकणातल्या ज्या मुलामुलींना गणित आवडतं आणि समुद्रही सोडवत नाही, त्यांच्यासाठी हे काम घरापासून काही तासांच्या अंतरावर आहे. घरात कुणी असं असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

सरासरीत बुडून गेलेली जागा

शेवटचा मुद्दा सध्याच्या भांडणाच्या मुळाशी आहे. सहा कोटींतले सहा लाख म्हणजे जेमतेम एक टक्का. मग एवढी काळजी कशाला?

काळजी आहे, कारण टक्का साडेसहा महाराष्ट्रांएवढ्या क्षेत्राचा काढलेला आहे आणि जहाजं त्या सगळ्या क्षेत्रात पसरत नाहीत. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ थवे दाट आणि ठरलेल्या ठिकाणी मिळतात, म्हणून बरीच जहाजं तिथेच जमतात. पिल्लं वाढवणारे पेंग्विन वसाहतीपासून फार लांब जाऊ शकत नाहीत; त्यांच्यासाठी समुद्र म्हणजे काठाजवळचा तेवढाच तुकडा. त्या तुकड्यातून उचललेलं क्रिल एकूणाच्या हिशेबात दिसतही नाही, पण त्या वसाहतीच्या पिल्लांना ते दिसतं. हे ओळखून 6 लाख 20 हजार टन चार भागांत वाटण्याचा नियम होता. त्यात द्वीपकल्पाच्या भागाला जास्तीत जास्त 25 टक्के, म्हणजे 1 लाख 55 हजार टन. 2024 मध्ये या नियमाची मुदत संपली, तो चालू ठेवण्यावर सदस्य देशांत एकमत झालं नाही, आणि 2025 चा हंगाम वाटणीशिवाय सुरू झाला.

आता शास्त्रज्ञांपुढचं काम लहान लहान तुकड्यांचा वेगळा अंदाज काढण्याचं आहे. ते जास्त कठीण, कारण तुकडा लहान केला की त्यात पडणाऱ्या रेषा कमी होतात आणि पट्टी रुंदावते. महाराष्ट्राच्या मासळीच्या वार्षिक आकड्यावरून दाभोळच्या खाडीत काय चाललंय हे सांगता येत नाही, ते याच कारणाने. त्या खाडीसाठी त्या खाडीतच नमुने घ्यावे लागतात, महिनोन् महिने, मासळी मिळो न मिळो.